शिफ्टमध्ये पाहिलेलं टोकियो

नाही, मला एक सांगा… सहासष्टाव्या वर्षी माणसाची मान जरा खाली आली, तर तो काय लगेच म्हातारा झाला? आमचे जावई विक्रमराव टोकियोत नोकरीला आहेत, चांगला माणूस, माझी तक्रार नाही… पण विमानतळावर सासऱ्याच्या पाया पडून झाल्यावर पहिलं वाक्य काय? "पप्पा, तुम्हाला जेटलॅग होणार!" मला! अहो, तारापूर एमआयडीसीत बॉयलरवर बत्तीस वर्षं थर्ड शिफ्ट केली मी! रात्रभरात एक डुलकी नाही. बॉयलरसमोर डुलकी काढायला तो काय पाळणा आहे?

तर म्हणतात, "तसं नाही पप्पा, वयाचा प्रश्न आहे. उद्याचा दिवस कसा जातो बघू. थकलात तर परवाचं फुजी रद्द, घरी आराम."

फुजी म्हणजे डोंगर. आणि इथंच सगळी गोम होती. तुम्हाला सांगतो, कंपनीनं एका दिवाळीला कॅलेंडर दिलं होतं, त्यावर हा डोंगर, डोक्यावर पांढरं टोपडं घातलेला. वर्ष संपलं, कॅलेंडर काही उतरलं नाही. आमच्या बोईसरच्या घरात गॅसच्या वर तो अठरा वर्षं लटकतोय, आणि आमची ही, साखरबाई, त्याच्याकडं बघत भाकऱ्या थापतेय. विमानात बसली ती टोकियोसाठी नाही, मुलीसाठीसुद्धा नाही… आमच्या अर्चनाला सांगू नका… डोंगरासाठी बसली! तिथंच विमानतळावर मला कोपरानं ढोसून म्हणाली, "अहो, उद्या डोळा लावलात ना, तर याद राखा!"

मी कशाला लावतोय? बत्तीस वर्षं थर्ड शिफ्ट केली मी!

आता त्या दिवशी लेक-जावई दोघांना ऑफिस. म्हणून जावयांनी आम्हाला शहर दाखवणाऱ्या बसमध्ये बसवून दिलं. गळ्यात पट्टा, पट्ट्यात कार्ड, कार्डावर त्यांचा नंबर… सातवीत सोडलेली शाळा अशी पुन्हा गळ्यात आली! बस गोल फिरते, दीड तासानं पुन्हा तिथंच येते, हवं तिथं उतरा, नाहीतर बसून राहा. सकाळचे नऊ वाजलेले. त्यांचे. माझ्या पोटात वाजलेले साडेपाच! आणि साडेपाच म्हणजे काय वेळ असते ते रात्रपाळी केलेल्यालाच विचारा… रात्र संपत नाही, बदलीचा रिलीव्हर येत नाही, पापणी वर राहत नाही. त्यात सीट मऊ, त्यात एसी, त्यात पुढं उभी राहून ती माईकवाली पोरगी जपानीत इतकं गोड बोलतेय, की नुसती अंगाई!

मान खाली आली. झोप नाही, मान!

हिनं चिमटा काढला. बघतो तर हिचेच डोळे अर्धे! मग मी डोकं चालवलं. म्हटलं, अगं, आपण शिफ्ट लावू. एकानं झोपायचं, एकानं शहर बघायचं, अर्ध्या तासानं बदली. काय दिसलं ते दुसऱ्याला सांगायचं, म्हणजे संध्याकाळी जावयांनी विचारलं की दोघांना मिळून आख्खं टोकियो तोंडपाठ! बॉयलरवर कसं, रिलीव्हर आला की सांगायचं, "पानी बराबर, प्रेशर बराबर, चार्ज ले," आणि मगच जागा सोडायची.

पहिली शिफ्ट हिची. अर्ध्या तासानं मला उठवून रिपोर्ट दिला. काय रिपोर्ट? "नदी गेली. एक पूल गेला. एक बाई कुत्र्याला बाबागाडीत घालून नेत होती. कुत्र्याला मोजे होते हो!" म्हटलं, देऊळबिऊळ? "ते डावीकडं होतं. मी उजवीकडं बघत होते." घेतला चार्ज.

माझी शिफ्ट मी चोख केली. राजवाड्याचा खंदक बघितला, पाणी बराबर. मनोरा बघितला, उभा. पण तुम्हाला सांगतो, त्या शहरात कुणी हॉर्नच मारत नाही! हॉर्न नाही तर माणूस जागा राहणार कसा? आपल्या बोईसरच्या नवापूर नाक्यावर कधी कुणाला झोप लागलीय?

अर्धा तास झाला. हिला हलवलं. म्हटलं, "खंदक बराबर, मनोरा बराबर, चार्ज घे." ही म्हणाली, "हं."

आता तो 'हं' झोपेतला होता हे मला कसं कळावं? बत्तीस वर्षं थर्ड शिफ्ट केली मी, समोरच्यानं 'हं' म्हटलं की चार्ज गेला! मिटले डोळे.

पुढचं एकदम खांद्यावर टकटक! माईकवाली पोरगी कमरेत वाकून वाकून काहीतरी सांगतेय, बस रिकामी, बाहेर दिवे लागलेले… अहो, आख्खं टोकियो आमच्याभोवती चार वेळा फिरून गेलं होतं! पोरीनं कार्डावरच्या नंबरला फोन लावलेला, आणि तिच्या मागं कोण? जावई! हातात मोबाईल, मोबाईलमध्ये फोटो… माझं डोकं हिच्या खांद्यावर, हिचं डोकं माझ्या डोक्यावर!

"पप्पा, काल म्हणालो होतो ना? उद्याचं फुजी रद्द करतो."

माझी मान वर होईना. आयुष्यात पहिल्यांदा ड्युटीवर सापडलेला माणूस! पण ही उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "जावईबापू, चार्ज माझ्याकडं होता. हे झोपले ते नियमानं झोपले. तेव्हा सासऱ्यांना करू द्या आराम, आणि मला डोंगर दाखवा!"

माझी बाजू घेतली की काटा काढला, ते मला अजून कळलेलं नाही. पण जावई हसले, आणि तिकिटं राहिली.

गेलो. दोघंही! डोळे असे टक्क! सकाळी नऊपासून बाकावर बसलो. समोर काय? ढग! वर ढग, खाली ढग, आणि मध्ये पाटी, की डोंगर इथंच आहे. दहा वाजले, बारा वाजले, दोन वाजले… ही हलेना. "निघेल हो बाहेर," म्हणते. चार वाजता गाइड वाकून माफी मागून गेला, तरी डोंगर काही गोधडीतून तोंड काढेना.

हिनं माझ्याकडं बघितलं. अठरा वर्षांची वाट बघणं त्या बघण्यात.

म्हटलं, "जाऊ दे गं… असेल तोही थर्ड शिफ्टचा."