सामान्य बुद्धीचा ग्राहक

नाही, बसा — पण तो संदेश-मिठाईचा डबा आधी छत्रीमागे सरकवा, बाबांनी पाहिला तर डब्यासकट जिना दाखवतील तुम्हाला. आंघोळीला गेलेत, पाऊण तास तरी येत नाहीत — जज माणूस, दोन्ही बाजू ऐकून घेतल्याशिवाय अंगाला साबणसुद्धा लावत नाही. हो, मीच चारुदत्त — कॉलेज सोडलेला तोच, गणपतीच्या आरतीला ज्याच्याकडे बघून तुम्ही सगळे माझ्या आईकडे हळू आवाजात चौकशी करता. उद्या तुमचा निकाल, ठाऊक आहे — तुमची मोर छाप उदबत्ती, त्या शेठचीही मोर छाप, आणि तो म्हणतो मोर आधी त्याचा. बंदी आली तर हावड्याचा कारखाना बंद, काड्या वळणाऱ्या छत्तीस बायका घरी — दारातच सांगितलंत ते. पण सदाशिवराव, चुकीच्या माणसाला भेटायला आलात. निकाल बाबा देत नाहीत. मी देतो.

हसू नका. कायदा काय म्हणतो? — दोन छाप सारखे आहेत की नाहीत हे वकिलाच्या डोळ्यांनी बघायचं नाही, सामान्य बुद्धीच्या, अर्धवट आठवणीच्या ग्राहकाच्या डोळ्यांनी बघायचं. आता जज्जानं असा माणूस आणायचा कुठून? बाबांना लांब जावं लागलं नाही. सुनावणी संपली की रविवारी सकाळच्या चहाला एक वेष्टन माझ्यासमोर धरतात, दहा मोजतात, काढून घेतात — दुपारी आमटी वाढली की दुसरं दाखवतात. ‘सकाळचं हेच का रे?’ मी ‘हेच’ म्हणालो की बंदी, ‘हे नव्हे’ म्हणालो की दावा फेटाळला. चौदा निकाल झाले असे. मला वाटायचं, माझी नजर बरी म्हणून विचारतात — मग एकदा टाइप केलेला निकाल वाचला, त्यातला तो ‘सामान्य बुद्धीचा ग्राहक’ म्हणजे मीच. दादाला का नाही विचारत, म्हटलं, तर भुरका मारून म्हणाले, ‘तो हुशार आहे, त्याचा उपयोग नाही.’ आणि हा माणूस कुणाचा एक संदेश खात नाही हं — तत्त्व! या लोकांची तत्त्वं डब्यापाशी सुरू होतात आणि डब्यापाशीच संपतात.

बराकपूरचा तो दंतमंजनवाला आठवतो? त्याच्या डब्यावर वाघ, समोरच्याच्या डब्यावर सिंह — आयाळ असलेला ढळढळीत सिंह. मी ‘हेच’ म्हणालो. का? — आदल्या दिवशी पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणाले होते, ‘हा घरीच असतो.’ म्हटलं, लिहा आता, वाघ आणि सिंह एकच असं सही करून लिहा, हसू दे सगळ्या कलकत्त्याला. कुणी हसलं नाही. त्यांनी लिहिलं, शेपटी दोघांनाही आहे. कारखाना मात्र बंद. सियालदहहून गाडी धरून गेलो होतो मी — फाटकाला कुलूप, आणि समोरचा चहावाला त्या वाघाच्या डब्यात साखर ठेवतो. मी त्याच साखरेचा चहा प्यायलो आणि परत आलो — हे सांगायचं नव्हतं. कुणाला बोलू नका.

म्हणून या वेळी ठरलंय. सकाळी एक मोर बघून झालाय, आता आमटीला दुसरा येईल, की मी म्हणणार ‘हे नव्हे’. पण बाबा पुढे विचारतात, ‘कशावरून?’ — तेवढं एक द्या मला. काय? दोन्ही पुडे आणलेत? काढा की मग.

मोर. आणि मोर. मान दोघांची डावीकडे, पायाखाली दोघांच्याही कमळ — सकाळचा यातला कुठला, देव जाणे. असू दे, मी सामान्यच आहे, तुम्ही सांगा. तुमच्या प्रतिज्ञापत्रात आहे ना, वीज गेली तरी आमचं गिऱ्हाईक आमचा मोर ओळखतं — बाबांनी चहाला वाचून दाखवलं ते. मग तुमचा कुठला? हा? — नीट बघा, घाई नाही. हाच? बोट ठेवा. आता उलटा करा आणि खालची बारीक ओळ वाचा, पत्त्याची.

हावडा नाही लिहिलेलं तिथे.

पाणी देऊ? — मी ‘हे नव्हे’ म्हणणारच होतो हो, आईशपथ.

नळ बंद झाला. उठा, पुडे खिशात टाका, संदेश न्या — अहो, ती नाही, ती बाबांची छत्री. तुमची ती दुसरी.