एडका कुणाचा?

(फलटणजवळ ऊस तुटून मोकळं झालेलं रान. खतासाठी मेंढरं बसवली आहेत. मेंढरांचा धनी दादासो, रानाचा मालक फौजी आकाराम आणि त्याची बायको सलोमी.)

दादासो : न्हाई म्हंजे न्हाई, वैनी! माजा एडका तुमच्या चर्चात जानार आन् आकारामदादा सुरी घिऊन हुबं ऱ्हानार. मी काय खुळा हाय?

सलोमी : अहो भावजी, सुरी पुठ्ठ्याची आहे! चंदेरी कागद मी स्वतः चिकटवलाय.

दादासो : ती पुठ्ठ्याची हाय हे एडक्याला कोन सांगनार?

सलोमी : एडक्याला ती लागतच नाही, त्याच्या आधी पडदा पडतो. उद्या संडेस्कूलचं नाटक आहे, सगळी मंडळी येणार. आता मी काय, शेळीला कापूस चिकटवू?

आकाराम : जाऊ दे, सलोमी. त्याचा एडका हाय, त्याची मर्जी. नाटक कॅन्सल. पाळकसाहेबांना फोन लावतो.

सलोमी : फोन खाली ठेवा! सकाळपासून ह्यांचं हेच चाललंय, भावजी. आधी म्हणे झगा आखूड, मग म्हणे दाढी टोचते. आता एडक्याचं निमित्त.

दादासो : दादा काय हुनार हैत नाटकात?

सलोमी : अब्राहाम. आणि आपला नातू जयराज होणार त्याचा मुलगा, इसहाक.

दादासो : आज्जा आन् नातू! झ्याक की. पर गोष्ट काय हाय? ऐकल्याबिगर एडका द्यायचा न्हाई.

सलोमी : ऐका. अब्राहामाला म्हातारपणी मुलगा झाला, एकुलता एक. देव म्हणाला, तो मला अर्पण कर. अब्राहाम पोराला घेऊन डोंगरावर गेला. लाकडं रचली, पोराला बांधलं, सुरी उचलली...

दादासो : आन् आई? आई काय म्हनली?

सलोमी : साराला कुणी विचारलंच नाही.

दादासो : तरीच! माजी बायकू हरणा तितं आसती तर डोंगराच्या पायथ्यालाच सुरी काढून घेतली आसती. बरं, म्होरं?

सलोमी : तेवढ्यात वरून हाक आली, थांब, पोराला हात लावू नकोस. अब्राहामानं मागं बघितलं, तर झुडपात शिंगं अडकलेला एडका. पोराच्या जागी तो एडका अर्पण झाला.

दादासो : थांबा, थांबा. त्यो एडका कुनाचा?

आकाराम : कुनाचा म्हंजे? एडका रं, रानातला.

दादासो : आवं दादा, एडका असा धन्याबिगर उगवतोय व्हय? कुनाचा तरी चुकला आसंल. त्यो गडी हिकडं रान पालथं घालतोय आन् तुमी त्याचं जनावर कापून मोकळं!

सलोमी : आहे की धनी. देवच. पोरगं त्यानं मागितलं आणि पोराच्या बदल्यात एडकाही त्यानंच दिला. गोष्टीचा सगळा जीव त्यात आहे, भावजी. उद्या ह्यांनी एवढी सुरी उचलली की...

आकाराम : मला उचलवत न्हाई.

सलोमी : काय?

आकाराम : सुरी. जयराजवर. पुठ्ठ्याची आसली तरी उचलवत न्हाई.

दादासो : दादा, आवं काय झालं?

आकाराम : मागल्या साली त्याला डेंगी झाला, साताऱ्याच्या दवाखान्यात काचेआड ठेवला व्हता. तवा मी भायेर बाकड्यावर बसून देवासंगं करार केला. पोराला ठेव, त्याच्या बदली मला ने. पोरगं उठलं. मी अजून हितंच हाय.

सलोमी : म्हणून... म्हणून मला बोअरच्या पेटीची चावी कुठं, पेन्शनचे कागद कुठं, सगळं दाखवत होता?

आकाराम : फौजीनं शब्द दिलाय. वरनं आर्डर कवाबी यील.

सलोमी : आणि नवी चप्पल घ्या म्हटलं की, "कशाला, किती दिवस घालायचीय"! वर्षभर तळ फाटलेली चप्पल ओढताय! मला वाटलं कंजूषपणा. अहो, मला विचारलंत? साराला विचारलं नाही, मलाही नाही!

आकाराम : तू रडली आसतीस.

सलोमी : रडले असते आणि भांडलेही असते! आणि तो करार नव्हे, तो सौदा. करार कसा असतो ठाऊक आहे? त्या काळी जनावर कापून दोन बाजूंना ठेवायचे आणि करार करणाऱ्यांनी मधून चालायचं. म्हणजे शब्द मोडला तर माझी अशी गत होवो. देवानं अब्राहामाशी करार केला तेव्हा अब्राहामाला गाढ झोप लागली होती. मधून गेला तो एकटा देव.

दादासो : दोगांचा करार आन् चालला एकटाच?

सलोमी : एकटाच. माणसानं मोडला तरी भोगणार देव. आणि भोगलंच की, क्रुसावर स्वतःचा पुत्र दिला. चर्चमध्ये प्रभुभोजनाला भाकर हातात घेता, तेव्हा 'हे माझे शरीर, तुमच्यासाठी दिलेले' हे ऐकता ना हो तुम्ही?

आकाराम : ऐकतो. पर ते समद्यांसाठी हाय आसं वाटायचं. ह्यो माजा शब्द येगळा.

दादासो : दादा, मी आडानी मानूस, चुकलं तर सांगा. म्या आज तुमाला एडका दिला, आन् सांजच्याला दारात यिऊन म्हनलो, आता त्याच्या बदली बैल द्या, तर?

आकाराम : तर हाकलून दीन तुला.

दादासो : मग तुमचा देव माज्यापरास हलका हाय व्हय? येकदा दिऊन बसलाय त्यो. पुन्यांदा तुमाला कशापायी मागंल?

सलोमी : अहो... डोळे का पुसताय?

आकाराम : दाढी टोचतीया.

सलोमी : दाढी तर पिशवीत आहे!

आकाराम : आसू दे पिशवीत. टोचतीया म्हनलं ना! लय दिसांनी छाती मोकळी झाली, सलोमी. वरीसभर रोज रातीला वाटायचं, आज काय आपली सकाळ हुत न्हाई.

सलोमी : वेडे आहात तुम्ही. माझं वेडं माणूस.

दादासो : चला, एडका सोडतो. पर मीबी येनार. त्याच्या शेजारी हुबा ऱ्हानार, पडदा पडंपातुर.

सलोमी : स्टेजवर? कोण म्हणून?

दादासो : धनी म्हनून.

सलोमी : भावजी, मग झगा तुम्हालाही शिवायला हवा!

आकाराम : शीव, शीव. आन् सलोमी, उद्या चर्चवरनं येताना चपलेच्या दुकानात थांबू. जरा टिकाऊ बगून घिऊ.