सातवी थैली

(उम्म सलाल मोहम्मद, दोह्याच्या उत्तरेला. मजुरांचा पत्र्याचा कँप. मे १९७१, शुक्रवार, जुम्याची नमाज होऊन गेलेली. बोलतात ते दोघे : बँकेत चिल्लरची खिडकी सांभाळणारा रत्नागिरीचा नसरुद्दीन आणि कँपचा मिस्त्री, साताऱ्याकडचा जालिंदर. मध्येच येतो तो कँपचा आचारी केरबा.)

नसरुद्दीन : तीन नव्हे, सहा. माझ्याकडे तारखा आहेत.

जालिंदर : असतील सहा. तुमी म्हणताय म्हंजी असतीलच. च्या सांगू का?

नसरुद्दीन : पाच दिरहमची नाणी, थैलीत पाचशे, म्हणजे पंचवीस रियाल. सहा आठवडे, दर गुरुवारी एक. तुझ्या कंपनीला महिन्याला एकच थैली ठरलेली आहे.

जालिंदर : आन् दिल्या कुणी? तुमीच की भाई. मी काय कुलूप फोडून न्हेल्या?

नसरुद्दीन : मीच दिल्या, म्हणून तर टॅक्सी करून इथवर आलो. तू दर वेळी म्हणालास, पगाराला सुट्टं लागतं. मी पुढं विचारलं नाही. देशातून इकडं येताना बोटीवर मला उलट्या होत होत्या, तू चार दिवस माझ्या उशाशी लिंबू घेऊन बसलास. तेवढ्यासाठी विचारलं नाही. चूक केली.

जालिंदर : लिंबाचा हिशोब आज काढताय व्हय?

नसरुद्दीन : साहेबानं काढायला लावलाय. काल आमच्या मॅनेजर डिक्सन साहेबानं सूकमधल्या, बाजारातल्या, तीन दुकानदारांना आत घेतलं. ते म्हणाले, गावात सुट्टं नाही. असलंच तर शंभराला दहा जास्त मोजून मिळतं. ते गेल्यावर साहेबानं दार लावलं आणि मला विचारलं, थैल्या तुझ्या खिडकीतून जातात, मग सूकमध्ये विकतं कोण?

जालिंदर : तुमाला इचारलं? तुमाला?

नसरुद्दीन : अगदी शांतपणे विचारलं. रागावला असता तर बरं वाटलं असतं. सुवेझ चार वर्षं बंद आहे, विलायतेहून नाण्यांच्या पेट्या निघतात त्या आफ्रिकेला वळसा घालून येतात. पुढची बोट जुलैच्या आधी नाही. तोवर आहे तेच पुरवायचं, आणि आहे ते कुठं मुरतंय हे त्याला कळत नाही. उद्या सकाळी साडेसातला लेखी जबाब द्यायचा आहे.

जालिंदर : आन् न्हाय दिला तर?

नसरुद्दीन : नोकरी गेली. नोकरीबरोबर व्हिसा. बायकोला, ताहेरुन्निसाला, इकडं आणायचे कागद मी गेल्याच महिन्यात भरलेत. सात वर्षांनी.

जालिंदर : मग लिहा की. पगारात वाटल्या म्हणून लिहा. मी अंगठा देतो, सही देतो, काय पायजे ते देतो.

नसरुद्दीन : कँपात माणसं किती?

जालिंदर : चाळीस.

नसरुद्दीन : तीन हजार नाणी. माणशी पंच्याहत्तर. पगार महिन्याला एकदा, तोही पुऱ्या रियालात, तुमचा हिशेबनीस माझ्याच खिडकीवर नोटा घेतो. मी फाटकापाशी तिघांना विचारलं. एकाच्याही खिशात नाणं नव्हतं. एकानं मला काडेपेटी दाखवली.

जालिंदर : काडेपेटी कशापायी?

नसरुद्दीन : सुट्ट्याच्या बदली. बेकरीत आता तेच देतात.

केरबा : च्या आणलाय. सरा जरा, गरम हाय. हेच का ते ब्यांकवाले साहेब? राम राम. न्हाय, तुमच्यात सलाम म्हणायचं.

नसरुद्दीन : राम राम चालेल. बस.

केरबा : बसतोय कसला, चपात्या पडल्यात. पर काडेपेटीचं बोलणं कानावर आलं म्हून सांगतो. त्या फजल बेकरीवाल्याला दटावा जरा. सुट्टं नाय म्हणतो आन् काडेपेटी हातावर ठिवतो. सत्तावीस झाल्या ट्रंकंत. बिडी तर मी गेल्या साली सोडली.

जालिंदर : केरबा, तू जा आत.

केरबा : जातोय की. साहेब, एक काम व्हतं बारकं. चार हारणं मिळत्याली का?

नसरुद्दीन : हरणं?

केरबा : ती तांबडी नाणी वो. हारणाचं चित्र असलेली. चारच पायजेत. माज्या खाटंवरचा कोपरा तेवढा राहिलाय. टायरचं तुकडं लावल्यात, पर वारं सुटलं की पत्रा थाडथाड वाजतोय. वर्गणी दिली समद्यांनी सारखी आन् कोपरा राहिला तो माजाच.

जालिंदर : केरबा.

केरबा : काय झालं? मिस्त्री, तुमी सांगितलं नव्हतं व्हय यास्नी?

जालिंदर : तुजी चपाती करपली. जा.

नसरुद्दीन : जालिंदर, वर्गणी कसली? वर बघतोस काय, माझ्याकडे बघ.

जालिंदर : वरच बघायला लागंल. तुमच्या सहाच्या सहा थैल्या वर हाईत. छपरावर.

नसरुद्दीन : छपरावर लपवल्यास?

जालिंदर : लपवतोय कशाला. ठोकल्यात. मधी भोक पाडून. बोल्टाला वायसर लागतं का न्हाय, पत्र्यावरनं? तसं. पाच दिरहमचं नाणं नेमक्या मापाचं हाय. कंपनीनं मागवलेलं वायसरचं दोन पेट्या सामान तुमच्या नाण्यांसारखंच आफ्रिकेला वळसा घालतंय. सूकमधी एक वायसर बारा दिरहमला. नाणं पाचाला.

नसरुद्दीन : तू सरकारी नाण्याला भोक पाडलंस.

जालिंदर : तीन हजाराला पाडलं. एक सांगा भाई, बाजीराव कुठं हाय ते तुमाला ठावं हाय?

नसरुद्दीन : सुट्टीवर गेला ना? फेब्रुवारीत त्याची मनिऑर्डर मीच लिहून दिली होती.

जालिंदर : सुट्टीवर न्हाय गेला. फेब्रुवारीच्या अखेरीला शमाल वारा सुटला त्या दिशी पत्रा उडाला. बिनवायसरचा बोल्ट, भोक फाकतं, पत्रा निसटतो. बाजीराव खाली पाणी भरत हुता. इथनं, खांद्यापासनं हितवर. हात ऱ्हायला, पर बोटं मिटत न्हाईत. वेल्डर माणूस. कंपनीनं तिकीट काढलं आन् बोटीवर बसवला.

नसरुद्दीन : मला कुणी सांगितलं नाही.

जालिंदर : तुमाला सांगून काय, तुमी पत्रा धरणार हुता? मी कंपनीत गेलो. म्हणले सामान बोटीवर हाय, थांबा. मी म्हणलं वारा थांबंल का? जूनमधी तर रोजचाच. मग समदी बसलो, माणशी पावणेचार रियाल काढले. गणपतीला काढतो तसे. तेचं चिल्लर तुमच्याकडनं न्हेलं. रोख मोजून दिलं, एक दिरहम बुडवला न्हाय. पैसं आमचं हुतं भाई.

नसरुद्दीन : पैसे तुमचे. पण नाणं परत फिरायला हवं असतं. मी थैली देतो ती यासाठी, की ती आठवड्यानं दुसऱ्या कुणाच्या हातून खिडकीवर परत यावी. तुमची आली नाही. सहा आठवडे आली नाही. म्हणून फजलच्या गल्ल्यात सुट्टं नाही, म्हणून केरबाच्या ट्रंकेत काडेपेट्या, म्हणून तुझीच माणसं पंधरा दिरहमच्या पावाला पंचवीस मोजतात. कधी हिशेब केलास, वर्गणीच्या वर किती गेले ते?

जालिंदर : ते न्हाय डोक्यात आलं. वायसर आन् पाव, ह्यांचा काय संबंध लागतोय?

नसरुद्दीन : माझ्याही नाही आलं. मी खिडकीवर बसून दुकानदारांवर चिडत होतो. काल तू सातवी थैली मागितलीस तेव्हा पहिल्यांदा तारखा काढून बघितल्या. सातवी कशाला हवी होती?

जालिंदर : चार नाण्यांसाठी.

नसरुद्दीन : चार नाण्यांसाठी पाचशेची थैली?

जालिंदर : ब्यांकंत चार नाणी मागायला कोण येतं? लाज वाटली. आन् गावात चार मिळंनात. दोन शुक्रवार हिंडलो.

नसरुद्दीन : मिळणार कशी? ती तू डोक्यावर बसवलीस.

जालिंदर : हसू नका.

नसरुद्दीन : हसत नाही. कागद काढतोय. नेमका आकडा सांग. छपरावर किती?

जालिंदर : लिहिणार? माजं नाव?

नसरुद्दीन : आकडा आधी.

जालिंदर : एकोणतीसशे अठ्ठ्याहत्तर. बावीस वाया गेली, भोक पाडताना चिरली. ह्या डब्यात हाईत, टाकून द्यायला हात धजंना. भाई, एक करा. थैल्या कुणी चोरल्या म्हून लिहा. खिडकीवरनं न्हेताना हारवल्या म्हणा. मी बी तेच सांगतो.

नसरुद्दीन : दर गुरुवारी एक हरवली? सहा वेळा?

जालिंदर : मग मला बोटीवर बसवत्याल. बाजीरावसारखं.

नसरुद्दीन : बसवतील कदाचित. मी खोटं लिहिलं तर मला नक्की. खरं लिहिलं तर तुला कदाचित. ह्याच्यात तिसरा रस्ता मी टॅक्सीत बसल्यापासून शोधतोय.

जालिंदर : सापडला?

नसरुद्दीन : नाही.

जालिंदर : मग लिहा. वहिनींचं कागद अडायला नकोत. पर साहेबाला एवढं सांगा, मला काय करायचं ते करा, जुलैपातूर छपराला हात लावू नका. चाळीस माणसं निजत्यात खाली. नाणी काढली तर एका वाऱ्यात समदं जाईल.

नसरुद्दीन : ते सांगायची गरज पडू नये. भोक पडलेलं नाणं बँकेत कुणी घेणार नाही. उतरवून त्याला काय मिळणार? तरी लिहितो. ऐक, वाचतो. मराठीत सांगतो, उद्या इंग्रजीत देईन. ‘सहा थैल्या, तीन हजार नाणी. बावीस चिरली, बाकीची एकोणतीसशे अठ्ठ्याहत्तर उम्म सलाल मोहम्मद येथील मजुरांच्या छपराला वायसर म्हणून लावली आहेत. एकही सूकमध्ये विकली गेली नाही. पैसे चाळीस मजुरांनी आपल्या पगारातून भरले.’

जालिंदर : ते चांगलं लिवलं.

नसरुद्दीन : ‘फेब्रुवारीत पत्रा उडून बाजीराव नावाचा वेल्डर जखमी झाला. कंपनीनं वायसर दिले नाहीत. बोट येईपर्यंत छप्पर उतरवू नये. मिस्त्री जालिंदर यानं पगाराचं कारण खोटं सांगितलं.’

जालिंदर : हं.

नसरुद्दीन : ‘ठरल्यापेक्षा जास्त थैल्या मी चौकशी न करता दिल्या. कारण तो माझ्या ओळखीचा आहे.’

जालिंदर : ही वळ काढा.

नसरुद्दीन : ती राहील.

जालिंदर : भाई, त्यानं तुमाला बी बोल लागंल. तुमी तर काय केलं न्हाय.

नसरुद्दीन : तेच लिहिलंय. काही केलं नाही म्हणून. ही ओळ नसेल तर साहेब विचारेल, सहा वेळा का दिल्या, आणि मग बाकीच्या ओळींवरही विश्वास ठेवणार नाही. मी त्याच्याजागी असतो तर ठेवला नसता.

केरबा : च्या गार झाला वाटतं. दुसरा आणू? आन् साहेब, ते चार हारणांचं राहिलंच.

जालिंदर : केरबा, पुरे झालं आता तुजं हारीण.

नसरुद्दीन : थांब. टॅक्सीसाठी जपून ठेवलेली आहेत. एक, दोन, तीन, चार. धर.

केरबा : टॅक्सीला मग काय देशीला?

नसरुद्दीन : पुरा रियाल देईन. काडेपेटी परत घेईन.

जालिंदर : आवो, ह्यास्नी बी भोक पडणार. ठाऊक आसून देताय?

नसरुद्दीन : ती तीन हजार बँकेच्या खिडकीतून गेली. ही चार माझी. कागदात वेगळी लिहितो, खाली, माझ्या नावानं.

जालिंदर : मग तुमी बी आमच्याबरबर अडकलात.

नसरुद्दीन : तो डबा दे इकडं, बावीसही उद्या साहेबापुढं ठेवायची आहेत. बघ, सगळी कडेला भोक पाडून चिरलीत. ह्या चारांना भोक नीट मधोमध पाड.