शेवटच्या होडीचा सिनेमा

माईते : माएस्त्रो ओरेस्तेस, दार उघडा ना! धुराड्यातून धूर निघतोय, म्हणजे तुम्ही आत आहात.

ओरेस्तेस : दार उघडंच आहे. चिलोए बेटावर कडी कोण लावतं? कॅमेरा मात्र बाहेर ठेव.

माईते : उद्याच्या बोटीनं सान्तियागोहून माझी सगळी माणसं येतायत. आणि तुम्ही आज शेजारणीकडून निरोप धाडता, सिनेमा करायचा नाही? एकही निर्माता दारात उभा करत नव्हता मला. शेवटी इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली. कुठून कुठून पैसे आले! लोकांना तुमची होडी बघायचीये.

ओरेस्तेस : होडी नाही. म्हाताऱ्याची कीव आली त्यांना. वर्गणी मागायचा तो तुझा व्हिडिओ माझ्या लेकीनं, निल्दानं मला पाठवला. त्यात तू म्हणतेस, 'या बेटावरचा होड्या बांधणारा शेवटचा सुतार. आता त्याला कुणी उरलं नाही.' मला कुणी उरलं नाही?

माईते : हाताखाली शिकणारं कुणी उरलं नाही, असं म्हणायचं होतं मला.

ओरेस्तेस : मग तसं म्हणायचंस. आणि त्या दिवशी शेजारच्या रोसाल्बाला बाहेर का काढलंस? बिचारी आमच्यासाठी बटाट्याच्या भाकऱ्या, मिल्काओ, भाजत होती. तिचा नवरा, नातवंडं, सगळी जेवायला बसलेली. तू म्हणालीस, चित्रात गर्दी होते. मला वाटलं, होत असेल.

माईते : आधीच्या व्हिडिओत सगळे होते, माएस्त्रो. हसत होते. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

ओरेस्तेस : आणि मी एकटा बटाटे सोलत बसलेला दिसलो, तेव्हा पैसे आले.

माईते : हो.

ओरेस्तेस : माझी लेक तिकडे दूर पुंता आरेनासला इस्पितळात नर्स आहे. तिथल्या बायका तिला म्हणाल्या, 'बापाला टाकून आलीस होय?' रविवारी फोन करायची ना, तर सासूच्या कागाळ्या, पोरांच्या खोड्या... हसवून हसवून बेजार करायची. आता विचारते, 'बाबा, सरपण आहे ना? जेवलात ना?' बस्स. मजेत आहे म्हटलं तरी तिला खरं वाटत नाही.

माईते : मी बोलते तिच्याशी. व्हिडिओ आत्ता काढून टाकते.

ओरेस्तेस : बघायचा त्यांनी बघितला.

माईते : मग सिनेमात खरं दाखवू या! रोसाल्बा, नातवंडं, सगळं.

ओरेस्तेस : दाखवशीलही. तू वाईट नाहीस गं. पण आता कॅमेरा म्हटलं की मला कळत नाही, तोंड कसं ठेवू. हसलो तर पैसे देणाऱ्यांना वाटेल, फसवलं. नाही हसलो तर निल्दा बघेल. काल नुसत्या त्या विचारानं रंधा घसरला माझा.

माईते : यानंतर तुम्ही दुसरी होडी बांधणार नाही.

ओरेस्तेस : नाही. खांदा साथ देत नाही. मला काय वाईट वाटत नाही? मलाही हौस होती. नवा सदरा शिवून घेतला होता.

(माईते खिशातून फोन काढते.)

माईते : माझ्या माणसांना येऊ नका म्हणून कळवते. वर्गणी ज्याची त्याला परत करते. का, तेही लिहिते.

ओरेस्तेस : खरं लिही.

माईते : हो. होडी पाण्यात कधी उतरवताय?

ओरेस्तेस : गुरुवारी, भरती आली की.

माईते : मी येऊ?

ओरेस्तेस : ये की. ढकलायला माणसं कमीच पडतात.

माईते : एक अगदी लहानसा कॅमेरा, लांब कोपऱ्यात...

ओरेस्तेस : दोन्ही हात लागतात, पोरी.