पेठेत बोंब बंद

मी अमडापूरची, माळ्याची पोट्टी. बाप मिरच्या-वांगे लावे, आई पाटी घेऊन बजारात बसे, अन् तिचा आवाज असा का तिनं वेशीतून हाक मारली तर मळ्यातला बाप मोट थांबवे. मी तिच्यावरच गेली. तुमी सांग म्हणता तर सांगते भाऊ, पण मले सरळ सांगता येत नाई, मधातच काहीतरी आठवते.

आता हेच पाहा. आमच्या गावात गरिबाचं कोणी ऐकत नसलं का तो बोंब मारे. शिमग्याची नाई, खरीखुरी. ज्यानं अन्याय केला त्याच्या दारापुढं भर बजारात उभं राहाचं, तोंडावर उलटा हात मारत बोंबलाचं, मंग लोक जमत, चार शहाणे पुढं होत, अन् घरधन्याले बाहेर येऊन जवाब द्याच लागे. माह्या मावशीले तिच्या दिरानं कोंडलं होतं तवा आईनं अशीच बोंब मारली, मी तिच्या लुगड्याले धरून उभी होती. लोक जमले, पाटील आला, म्हणे बाई दाखव. दार उघडलं अन् मावशी आमच्यासंगं घरी आली. कोणाच्या हातात कागद नोता का काठी नोती. लोक उभे राह्यले, एवढंच.

मंग मले मलकापुरात देल्ली. नळगंगेच्या काठी मालकाचा मळा, अन् मी पेठेत भाजी विके. लेकरं झाले तसे गेले, एकच वाचली, सरू. तिले आमी पेठेतच देल्ली, गुळाच्या दुकानदाराच्या घरी. खाली दुकान, वर माडी. म्हणलं लेक डोळ्यापुढं राहीन.

अन् पेठ कशी होती काय सांगू तुमाले. कापसाच्या जिनाचा हंगाम लागला का मजूर, गाडीवाले कलालाच्या दुकानातून दारू पिऊन निघत ते सरळ आमच्यात येत. शिव्या, मारामाऱ्या, चौकात जुगार, बाईनं वाकून तराजू उचलला तरी काहीबाही बोलत. तवा आमी भाजीवाल्या बाया मिळून शहराच्या कमेटीच्या मेंबराकडं गेलो. मीच पुढं, आवाज माहाच मोठा. म्हणलं सायब, आमाले इज्जतीनं बसू द्या. त्यानं ऐकलं बरं, मी खोटं नाई बोलणार. थोड्याच दिवसात डफडं वाजलं, का चावडीपासून मोठ्या विहिरीलोक कोणी आरडाओरड कराची नाई, शिवी द्याची नाई, दारू पिऊन फिराचं नाई, कोणाच्या दारापुढं गर्दी कराची नाई, नाहीतर सिपाई उचलून नेईन. आमी नारळ फोडला. पेठ अशी शांत झाली का गुळावरच्या माशा ऐकू येत.

मंग सरू दिसनाशी झाली. तिची कूस उजवली नाई, तर त्याह्यले दुसरी आणाची होती. दिवाळीले धाडली नाई, संक्रांतीले धाडली नाई. मी गेली का सासू दारातच आडवी. कधी म्हणे झोपली, कधी म्हणे मंदिरात गेली. जावई मान खाली घालून गूळ तोले. एक दिवस शेजारची बाई विहिरीवर हळूच म्हणे, माय, तुह्या लेकीले उपाशी ठेवतात वं, कण्हते ते ऐकू येते. आमचे मालक म्हणे सबुरी धर, त्याह्यच्या घरातलं हाय. मी नाई धरली. मायच्या पोटाले सबुरी कुठून येईन भाऊ. बजाराच्या दिवशी पाटी तशीच टाकली, त्याह्यच्या दारापुढं गेली अन् तोंडावर हात मारला.

जमले हो लोक. भरला बजार उठून आला. अन् माडीवरून, बंद खिडकीतून सरूचा आवाज आला. आई, मले ने. एकदाच आला, पण सगळ्यायनं ऐकला. कोणी म्हणलंबी, अरे दार उघडा. तेवढ्यात सिपाई आला. ओळखीचा होता, रोज माह्यापासून मूठभर मिरच्या नेई. म्हणे मावशी, अथी बोंब बंद हाय, तुमा बायायलेच पाह्यजे होतं ना ते. मी म्हणलं बाप्पा, तू ऐकलं ना, जा, दार ठोक. म्हणे मले रस्त्यावरचं पाहा लागते, उंबऱ्याच्या आतलं माह्या हुकुमात नाई. अन् लोकायकडं वळून म्हणे चला, गर्दी बंद हाय, नाहीतर साऱ्यायले नेतो. अन् गेले ना लोक. माह्या हातची भाजी खाणारे लोक, खाली मान घालून गेले. मले ठाण्यात बसवलं दिवे लागेलोक.

मेंबराकडं गेली, पाय धरले. त्यानं बसाले देल्लं, पाणी देल्लं. म्हणे बाई, तुमच्यासाठी नियम मोडला तर उद्या दारुडा म्हणीन मलेबी सोडा. अर्ज करा, चौकशी होईन. मी म्हणलं सायब, चौकशी होयेलोक पोट्टी जगन काय. त्यानं पानाचा डबा उघडला अन् त्यातच पाहत राह्यला. वाईट माणूस नोता तो. सिपाईबी वाईट नोता. तेच मले सहन होत नाई. अर्ज केला. पुन्हा त्या दारापुढं गेली, पुन्हा उचललं, मंग पेठेत पाय ठेवाचीच बंदी झाली. नदीच्या या काठावरून मी पेठेकडं पाहत बसे, येड्यावानी.

थंडी सरता सरता व्याह्याचा माणूस मळ्यात आला, म्हणे सरू गेली, ताप होता. धावत गेली. तिरडी दारात होती. तोंड पाह्यलं तर माही लेक मलेच ओळखू आली नाई, एवढीशी झाली होती. सिपाई तथीच उभा होता. मी त्याच्याकडं पाह्यलं. तो हळूच म्हणे, मावशी, मयताले मनाई नाई, रड तुले रडाचं तेवढं.

अन् मी बोंबलली भाऊ, त्याच दारापुढं, गळा फाटेलोक. लोक जमले, पेठ भरून जमले, बायायनं पदर तोंडाले लावले. कोणी कोणाले हटकलं नाई.

आता मी पाटी घेऊन स्टेशनाबाहेर बसते. पेठ अजून शांत हाय, दारुडे गेले, तरण्या पोरी तिनसांजेले एकट्या जाऊन राह्यल्या, ते मी नाई म्हणत नाई, चांगलंच हाय. तुमाले लेक हाय म्हणता. तिचं भलं हो. अन् कधी तिनं हाक मारलीच, तर ऐकणारे तथीच उभे राहो, एवढंच मांगते मी तिच्यासाठी.