आत कोणी असताना उचलायची नाही

नाही नाही, थांबा मोतीरामभाऊ, जॅक तिथे नको – तो कोपऱ्यातला पाय आहे ना, तो नुसता गाडी डुगडुगू नये म्हणून असतो. त्याला धरून उचललीत तर पाय वाकेल आणि गाडी तुमच्या हातावर बसेल. आणि तसंही अजून उचलायचीच नाहीये. आधी माझं ऐकून घ्या. तुम्हाला घाई आहे, कळलं मला, पेठ रोडला दुकान उघडं टाकून आलात, गिऱ्हाईक खोळंबलं असेल – पण दोन मिनिटं. हे काही ट्रकचं चाक नाही, रस्त्यात बदललं आणि निघालात. हे घर आहे हो. चाकावरचं घर. कॅरॅव्हॅन म्हणतात. स्वतःचं इंजिन नाही, जीपच्या मागे जोडायची आणि ओढत न्यायची. आत पलंग आहे, ओटा आहे, शेगडी आहे, इवलंसं न्हाणीघर आहे, आणि – तेच तर सांगतेय – आत आमचे हे आहेत.

हो, आत. तो पडदा हलला बघा. ढुंढिराज गुरुजी – तुम्ही पाहिलं असेल त्यांना, सगळी हयात रामकुंडावर गेली. आणि नियम असा आहे की आत कोणी असताना गाडी उचलायची नाही. आतला माणूस इकडचा तिकडे झाला की वजन सरकतं, जॅक कलंडतो. मी मनचं सांगत नाही. मोबाइलवर एक गोरा म्हातारा आहे, त्याची अशीच गाडी आहे, तो सगळं करून दाखवतो. इंग्रजी भराभर बोलतो, पण हात दाखवतो ना, हात कळतात. इतक्यांदा बघितलाय तो व्हिडिओ, की त्याची बायको मागून कपडे घेऊन कधी जाते तेसुद्धा मला पाठ झालंय. एवढं का बघितलं म्हणाल तर – कुठेतरी तो म्हणेल, हे काम घरी करूच नका, असं वाटत होतं मला. नाही म्हणाला. उलट सोपं करून दाखवलं त्याने, मेल्याने.

तर पहिलं म्हणजे जमीन. हे पेव्हर ब्लॉक बसवलेत बिल्डिंगवाल्यांनी, दिसायला छान, पण खाली नुसती वाळू. जॅक ठेवला की रुतणार. म्हणून खाली फळी हवी जाड. फळी नाही, पण हा पाट आणलाय बघा – सागवानी आहे, यजमान बसायचे यावर, शंभर किलोचे यजमान पेललेत याने, जॅक पेलेल. मग पलीकडच्या चाकाला पुढून-मागून अडथळा. तो वरवंटा काढा आधी. आमच्या ह्यांनीच ठेवलाय. म्हटलं अहो, गोल वस्तू अडवायला गोल वस्तू? तर म्हणाले, दगड तो दगड. तुम्ही आपले लाकडी ठोकळे लावा, आणलेत ना? हां. मग नट – ते चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे, थोडेसेच, काढायचे नाहीत. चाक अधांतरी झाल्यावर जोर लावाल तर गाडीच हिसकेल. आणि जॅक लावायचा तो हा लांब लोखंडी पट्टा आहे ना खालून, त्याला, चाकाच्या जवळ. चाक फिरण्यापुरतं उचललं की बास, आणि लगेच घोडी, म्हणजे ती लोखंडी तिपाई, लावायची खाली. नुसत्या जॅकवर ठेवून हात घालायचा नाही. तुम्ही रोज घालत असाल, ते राहू द्या. इथे नाही घालायचा.

माहितीये हो तुम्हाला, माहितीये. मी बोलतेय आपली. गप्प बसलं की मला जास्त त्रास होतो.

आता तुम्ही म्हणाल, मग गुरुजींना उतरवा की खाली. दोन पायऱ्या, काय अवघड आहे? हां, तिथेच तर घोडं पेंड खातंय. ते उतरत नाहीत. काल सकाळपासून आत आहेत. प्रस्थान ठेवलंय. प्रस्थान माहितीये ना – मुहूर्त आज आहे आणि निघणं उद्या-परवा होणार असेल, तर काय करतात, नारळ-सुपारी, एखादं उपरणं बांधून जायच्या दिशेला कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवतात. म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरायचं. मग ते घरात परत आणायचं नाही. बरं, नारळ ठेवतात हो माणसं. ह्यांनी स्वतःलाच ठेवलं. काल मुहूर्तावर सोवळं नेसून, कपाळाला गंध लावून गाडीत जाऊन बसले. आमचा पुतण्या धवल जीप घेऊन आला जोडायला, वाकून बघतो तर दोन्ही टायरांना भेगा – नक्षी शाबूत आहे, पण कडेचं रबर फाटलंय, आम्ही घेण्याआधी वर्षानुवर्षं एका जागी उभी होती ना ही गाडी, धरणाकडच्या एका रिसॉर्टच्या आवारात. धवल म्हणाला, काका, या टायरांवर मी कसारा घाटसुद्धा उतरणार नाही. आणि गेला जीप घेऊन. आज दुपारी येतो म्हणालाय. तोवर टायर बदलून ठेवा म्हणाला.

आणि हे आत. उतरा म्हटलं तर म्हणे, प्रस्थान ठेवलेला माणूस मागे फिरत नाही. म्हटलं, घरात नका येऊ, इथे खुर्चीवर बसा. तर म्हणे, अंगणाला पाय लागला म्हणजे घराला लागला. म्हटलं, मग नारळ ठेवा आत तुमच्या जागी आणि उतरा. तर खिडकीचा पडदा ओढून घेतला. शास्त्र त्यांचं, लोकांना मुहूर्त काढून देण्यात जन्म गेला, मी काय वाद घालणार? जेवण खिडकीतून देतेय. काल पिठलं-भात दिला. रात्री विचारलं, झोप लागेल ना, तर म्हणाले, प्रवासात कुठे लागते नीट झोप.

हसा, हसा. मीही हसले काल.

फिरायची हौस कसली? हो, मीच सांगते सगळ्यांना, हौस म्हणून. आणि खोटंही नाही ते पूर्ण. अहो, सगळा मुलुख आमच्या दाराशी येतो. कर्नाटकातले, वऱ्हाडातले, गुजरातेतले – तीन तीन पिढ्यांचे यजमान. प्रत्येक जण जाताना म्हणतो, गुरुजी, एकदा आमच्या गावाला या. हे म्हणायचे, येतो. पन्नास वर्षं येतो येतो म्हणाले आणि इगतपुरीच्या पलीकडे कामाशिवाय गेले नाहीत. मग ही गाडी कुणीतरी दाखवली. हॉटेलात राहायचं म्हणजे ह्यांचं सोवळं-ओवळं, पाणी कुणाचं, शेगडी कुणाची – ही गाडी म्हणजे आपलंच स्वयंपाकघर घेऊन फिरायचं. आवडली त्यांना. मला नाही आवडली. स्वयंपाकघरातून सुटका म्हणून माणूस प्रवासाला जातो, ह्यांनी तेच मागे बांधून घेतलं.

पण लोक विचारतात ना, ऐन सिंहस्थाच्या तोंडावर? बारा वर्षांनी येतो तो. सगळं जग पंचवटीत येणार, गल्लीतले लोक खोल्या रंगवून घेतायत, आणि गुरुजी निघाले बाहेर? तेव्हा मी म्हणते, गर्दी सोसत नाही आता. काहीतरी सांगायचं. तुम्हालाही तेच सांगणार होते.

मोतीरामभाऊ, जरा इकडे या. इकडे, टायर ठेवलेत तिथे भिंतीशी, खिडकीतून ऐकू जातं. एक करता का – हे टायर परत रिक्षात टाका. ह्यांना सांगा, माप चुकलं. सांगा की असल्या गाडीचा टायर इथे मिळत नाही, मुंबईहून मागवावा लागतो, महिना लागेल. तुमचं जायचं-यायचं काय ते मी देईन. धवल आला की त्यालाही मी बघते. महिन्यात हे विसरतील. नक्की विसरतील – तेच तर आहे ना सगळं.

नाही, काही नाही. बोलून गेले.

बरं, ऐका आता. अर्धं सांगून काय उपयोग. पण पेठ रोडला नका सांगू, रामकुंडावर तर नकोच नको. गेल्या महिन्यात एका यजमानांचं श्राद्ध होतं, लांबून आले होते. पिंडदानाला नाव घ्यायचं त्यांच्या वडिलांचं. ह्यांनी नाव घेतलं ते स्वतःच्या वडिलांचं. एकदा नाही, प्रत्येक वेळी. यजमान बिचारा डोळे मिटून बसलेला, त्याला वाटलं संस्कृतात असंच असेल. शेजारच्या पाटावरच्या गुरुजींनी ऐकलं, त्यांनी संध्याकाळी घरी येऊन मला सांगितलं, हळूच, चांगला माणूस आहे. दुसऱ्याच्या बापाच्या पिंडाला आपल्या बापाचं नाव. दुसऱ्या दिवसापासून हे गेलेच नाहीत कुंडावर. म्हणाले, आता प्रवासाला जाऊ. म्हणजे त्यांनाही कळलंय. त्यांना कळलंय, मला कळलंय, आणि आम्ही दोघं बसून टायरबद्दल बोलतो.

डॉक्टरांना दाखवलं, दाखवलं तर. रक्तदाब बघायचाय असं सांगून नेलं. ते म्हणाले, ओळखीच्या जागेत ठेवा. रोजचं घर, रोजचा रस्ता, रोजची माणसं – जितकं ओळखीचं तितकं बरं. आता तुम्हीच सांगा, असल्या माणसाला घेऊन मी निघू कुठे? इथे आंघोळीनंतर हात आपोआप खुंटीवर जातो, पंचा सापडतो. देवघर कुठे, जिना कुठे, पायांना पाठ आहे. बाहेर रोज नवं गाव. रात्री उठून कुठे निघाले तर मी कुणाला हाक मारू? भीती वाटते हो मला. ह्यांना सांगू शकत नाही. ते म्हणतात, आधी सगळं बघून घेऊ – आधी म्हणजे कशाच्या आधी, ते म्हणत नाहीत, मीही विचारत नाही. आणि माझी पिशवी? भरलीय की, दाराच्या मागे आहे. काल मुहूर्तावर मी पायरीशी उभी होते पिशवी घेऊन. चढले नाही. म्हटलं, दूध तापत ठेवलंय. घरात आले ते आलेच. ते अजून वाट बघतायत माझी. म्हणूनच उतरत नाहीत, मला काय कळत नाही?

तेव्हा उचला ते टायर. इथे आहेत तोवर सुरक्षित आहेत, एवढं मला कळतं. इथलं सगळं ओळखीचं आहे त्यांच्या. इथे ते –

कडी वाजली का?

अहो – थांबा, थांबा, मी येते. हळू. पायरी बारीक आहे, दांडा धरा. तो नाही, डावीकडचा. चपला हातात का घेतल्यात, घाला की पायात. बघा मोतीरामभाऊ, आपणहून उतरले. सांगत होते ना, ऐकतात ते, जरा धीर धरला की – काय?

काय म्हणालात?

नाही, ऐकलं मी. ऐकलं. कोणतं गाव हे, असंच विचारलंत ना?

पंचवटी. पंचवटी म्हणतात याला.

हो, आत्ताच पोचलो आपण. दमलात का? छान आहे ना गाव. हो, नदी आहे, जवळच आहे. देवळंही आहेत पुष्कळ. नाही, आपल्या ओळखीचं कुणी नाही इथे, पण माणसं बरी आहेत. हे? हे मोतीरामभाऊ, चाक बघायला आलेत. बसा तुम्ही, ही खुर्ची घ्या, सावलीत बसा. मी काही जात नाही कुठे. दाराच्या मागे पिशवी आहे, तेवढी घेऊन आले. हो, दोघं जाऊ ना पुढे. दोघंच.

मोतीरामभाऊ.

टायर आणा ते इकडे. नाही, रिक्षात नाही, इकडे. तो पाट घ्या, सरळ ठेवा, डुगडुगला नाही पाहिजे. धवल येईपर्यंत दोन्ही चाकं झाली पाहिजेत. आत आता कोणी नाही. लावा जॅक.

माझ्याकडे काय बघताय, चाकाकडे बघा.