गाण्यांच्या मधलं

वैरागची गाडी सोलापूर स्टँडवरच उभी होती. माझ्या पुढच्या सीटवर आई आणि लेक बसले होते. लेकानं मोबाईल आईच्या कानाशी धरला होता.

"आण्णांचा आवाज बघ की, किती क्लिअर आलाय. कॅसेटमधी नुसती खरखर व्हती."

"लई गोड गायचे. जयंती जवळ आली की तालीम आपल्याच घरात असायची."

"सगळी गाणी आल्यात ह्यात."

"थांब. गाणं संपलं. आता हाक मारतील बघ."

"कोन?"

"तेच. गाणं संपलं की म्हणायचे, 'विठा, च्या टाक की.' मी आतनं म्हणायची, 'दूध न्हाय.' समदे हसायचे. कॅसेटमधी हाय ते."

"ते काढलं, आई."

"काढलं म्हंजी?"

"कॅसेटा मोबाईलमधी भरताना दुकानदार म्हणला, मधलं बोलणं, खोकणं, भांड्यांचा आवाज काढू का? म्हणलं काढा, नुसती गाणी ठेवा."

"आन् कॅसेटा?"

"टाकून द्या म्हणलं त्यालाच. घरात वाजवायला टेप कुटं हाय?"

"आण्णा गेल्यापास्नं त्या कॅसेटांच्या डब्याला मी कुणाला हात लावू दिला न्हवता, यशपाल."

"मला काय म्हाईत, आई? तू बोलली न्हाईस कधी."

गाडी सुरू झाली.

"दुसरं गाणं लावू?"

"न्हाय. हेच परत लाव. शेवटाला."

"तितं काय बी न्हाय आता."

"लाव म्हणते की."

त्यानं लावलं. गाणं संपलं.

"दूध न्हाय," ती मोबाईलला म्हणाली.